आज जेवायला काय, आणि सोबत कुठली?

परवा माझा फोन म्हणाला, जागा संपली. मुलीने तो हातात घेतला, वर-खाली केला आणि ओरडली, "आई, यात माझ्यापेक्षा दुधीचे फोटो जास्त आहेत!"

डिलीट कर म्हणाली. मी बसले डिलीट करायला आणि तिथेच अडकले. एकेका ताटामागे काही ना काही झालेलं. किस्से हे असेच साठतात. घडताना कोणी जपून ठेवत नाही. मग कधीतरी एक भरलेलं वांगं समोर येतं आणि ती अख्खी संध्याकाळ आठवते. वांगं उडवलं तरी संध्याकाळ काही उडत नाही.

तर आधी आमची गँग सांगते. मी राहते अंबरनाथला, शिवमंदिराच्या रस्त्यावर, आणि एका पतपेढीत नोकरी करते. फोनवर खवय्यांचा एक मोठा ग्रुप होता. लोक त्यात हॉटेलातल्या सजवलेल्या डिश टाकायचे. एका रात्री मी वैतागून आमचं खरं जेवण टाकलं. भेंडी, पोळी, कालची आमटी.

खाली कोणा जयवंत भोईरची कमेंट आली, "वहिनी, भेंडी जळली की फोटो जळला?"

मी लिहिलं, "दोन्ही."

त्याच्याखाली उल्हासनगर कॅम्प पाचचा हरेश आला. त्याचं पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. त्याने आपल्या घरची साईभाजी टाकली. पालक, डाळ, भाज्या, सगळं घोटून एक केलेलं, हिरवंगार. जयवंत म्हणाला, "हरेशभाई, हे जेवण आहे की शेवाळ?"

हरेशने उत्तर दिलं, "एक बार खा के देख, फिर रोज तालाब में उतरेगा!"

मग बदलापूरच्या कात्रपमधून मिलिंद कांबळे आला, विमा ऑफिसात काम करणारा, मोजकं बोलणारा. त्याने पिठलं-भाकरी टाकली आणि खाली एवढंच लिहिलं, "सोबत माइल्ड."

बिअरच्या त्या 'सोबत'ने आमचं जमलं. मोठा ग्रुप सुटला, चौघांचा छोटा झाला. नियम एकच, रोजचंच जेवण टाकायचं. महिन्यातून एका शनिवारी कोणाच्या तरी घरी जमायचं. तिथेही पाहुण्यांसाठी म्हणून काही वेगळं करायचं नाही. ज्या दिवशी घरात जे असेल ते.

*

मला बिअर आवडते. माझ्या नवऱ्याला, सुनीलला, कोकम सरबत आवडतं. आमच्या घरात यावर कधी भांडण झालं नाही. भांडण बाहेरच्यांच्या डोक्यात असतं.

स्टेशनजवळच्या दुकानातले काका मी गेले की माझी बाटली आधी पेपरात गुंडाळायचे, मग काळ्या पिशवीत घालायचे, मग पिशवीला गाठ मारायचे. वर आवाज खाली आणून विचारायचे, "मॅडम, साहेबांना स्ट्राँग की माइल्ड?" मी माइल्ड सांगायचे. साहेबांचा विषय मी कधी काढला नाही.

एकदा सुनील सोबत होता. काकांना वाटलं, आता थेट विचारावं. "साहेब, तुम्हीच बोला ना. रोज माइल्डच पिता, आज स्ट्राँग ट्राय करा!"

सुनील म्हणाला, "मी पीत नाही हो. ही पिते. मी फक्त गाडी चालवतो."

काकांचा हात पेपरावरच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सुनीलकडे बघितलं. मग बरणीतून चकल्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या. "घ्या साहेब," म्हणाले. "धीर धरा!"

*

हरेशकडचा पहिला शनिवार. त्याच्या बायकोने, ज्योतीने, सिंधी कढी केली होती. आपल्या कढीशी तिचा काही संबंध नाही. त्यात ताकच नसतं. भाजलेलं बेसन, चिंच, आणि गवार, भेंडी, बटाटा, शेवग्याच्या शेंगा. भातावर घ्यायची.

हरेशची बिअरची आवड आमच्यापेक्षा महागातली. गव्हाची, ढगाळ दिसणारी, काठावर संत्र्याची चकती. तो ती चकती नीट लावत होता, तेवढ्यात सुनीलने पहिला घास घेतला आणि मनापासून म्हणाला, "वा! सांबार एकदम मस्त झालंय."

हरेशचा हात चकतीवरच राहिला. जयवंतने मान खाली घातली, त्याचे खांदे हलत होते. ज्योती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"भाईसाहब," ती म्हणाली, "इसको सांबार बोलोगे ना, तो अगली बार इडली लेके आना."

सुनील सरळ माणूस आहे. त्याला जे सांगितलं जातं ते तो करतो. पुढच्या वेळी हरेशकडे जाताना त्याच्या हातात इडल्यांचा डबा! मी जिन्यात त्याला म्हटलं, "अरे, ती चिडून बोलली होती." तो म्हणाला, "पण बोलली ना?"

ज्योतीने डबा उघडला. एक इडली घेतली, कढीत बुडवली, आत जाऊन उभ्या उभ्या खाल्ली. मग बाहेर आली आणि आम्हा सगळ्यांना बोट दाखवत म्हणाली, "अच्छा लगता है. मेरी सास को किसी ने बताया तो देख लेना!"

*

कात्रपला मिलिंदकडे त्याची आई असते. कमलताई. उभं आयुष्य कामात गेलेलं, केस पांढरेशुभ्र, चष्मा दोरीने गळ्यात. रोज सकाळी वंदना म्हणणाऱ्या, विहारातल्या कार्यक्रमात पुढे असणाऱ्या. त्यांच्या पंचशीलात चौथं शील खोटं न बोलण्याचं आणि पाचवं दारू न पिण्याचं. मिलिंद पाचवं मोडतो हे त्यांना माहीत होतं. त्या त्यावर बोलत नसत. बाटल्या निघाल्या की आतल्या खोलीत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवत, एवढंच.

त्या शनिवारी आम्ही गॅलरीत बसलो होतो. कुळथाचं पिठलं, ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी. मिलिंदने आईला आधीच सांगून ठेवलं होतं, "कोणी आलं आणि विचारलं, तर सरबत चाललंय म्हण."

दिवेलागणीला बेल वाजली. विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष. वर्गणीच्या कामाला आले होते. आत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मिलिंद दिसत नाही? गॅलरीत आवाज येतोय. काय चाललंय?"

आम्ही गॅलरीत श्वास रोखून बसलेलो. हरेशने संत्र्याची चकती तोंडात टाकली, पुरावा नको म्हणून.

कमलताईंचा शांत आवाज आला, "बिअर पितायत. तुम्ही चहा घेणार का?"

अध्यक्ष चहा घेऊन गेले. मिलिंद आत गेला, तोंड लाल. "आई! मी तुला काय सांगितलं होतं?"

"पाचवं तू मोडलंस," त्या म्हणाल्या. "ते तुझं तू बघ. चौथं माझ्याकडून कशाला मोडवतोस?"

मिलिंदने पुढचा पेला भरला नाही. आमच्यापैकी कोणीच भरला नाही. पिठलं मात्र सगळं संपवलं.

*

जयवंत स्ट्राँगवाला. तीही इतकी गार की बाटलीत बर्फ तरंगायला हवा. खडी-रेतीचा धंदा, बुलेट, गळ्यात जाड साखळी, आवाज मैदानभर. एकदा त्याचा रिपोर्ट खराब आला. डॉक्टरने सांगितलं, पिणं बंद, तेलकट बंद, नाहीतर पुढच्या वेळी मी नाही, सर्जन बोलेल.

जयवंतने हे आम्हाला सांगितलं नाही. त्याच्या बायकोने मला सांगितलं, मी बाकीच्यांना. ग्रुपवर त्याच्याकडून रोज उकडलेल्या दुधीचा फोटो यायला लागला. खाली एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मिलिंदनेही दुधी टाकला. मग हरेशने. मग मी. तो आठवडा आमच्या सगळ्यांच्या घरी दुधी होता आणि कोणीही कारण लिहिलं नाही. माझ्या फोनमधले दुधी ते हेच.

शनिवारी माझ्याकडे जमायचं होतं. मी बिअर आणली नाही. लिंबू सरबत केलं. तर जयवंत आला तो खांद्यावर बाटल्यांचा खोका घेऊन!

"मना बंद हाय," तो म्हणाला. रागावला की त्याची आगरी बोली वर येते. "तुमाला कोनी बंद केली? बसा. प्या."

आम्ही प्यायला बसलो. तो समोर ताक घेऊन बसला आणि आमच्या प्रत्येक घोटाकडे बघत राहिला. कोणालाच चव लागत नव्हती. हरेश तर औषध घेतल्यासारखा भराभर संपवत होता.

शेवटी जयवंत खेकसला, "आयला हरेश, माझ्या वाटणीची पितोस, जरा चवीने तरी पी ना!"

हसू आलं सगळ्यांना. जयवंतलाही आलं, पण सगळ्यात उशिरा. त्याचा पुढचा रिपोर्ट बरा आला. दुधीला मात्र त्याने त्यानंतर हात लावलेला नाही.

*

आता हा किस्सा जयवंतच्या घरचा. त्याचं गाव अंबरनाथच्या बाहेर. शेतजमिनीवर टॉवर उभे राहिले, भोईरांचा तीन मजली बंगला झाला. पण त्याचे वडील, बाबा, ओटीवरच्या लाकडी खुर्चीतच बसतात. टोपी, धोतर आणि तोंडात एक वाक्य कायम, "भोईरांनी कदी कोनाची नोकरी केली नाय."

त्या रिपोर्टच्या आधी, आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा बाबांनी एकेकाचं आडनाव विचारलं. माझं झालं, हरेशचं झालं. मिलिंदने सांगितलं, "कांबळे." बाबा म्हणाले, "बरा, बरा," आणि आत गेले.

बाहेर ट्रे आला तो त्यांनी स्वतः आणला. स्टीलचे चकचकीत पेले. आणि एक प्लॅस्टिकचा, वापरून फेकायचा. तो त्यांनी मिलिंदसमोर ठेवला.

जयवंत बाटल्या आणायला आत गेला होता. परत आला, त्याने बघितलं आणि दारातच उभा राहिला.

हरेशने आपला स्टीलचा पेला उचलून ट्रेमध्ये ठेवला. "बाबूजी, मेरे को भी वो वाला दो. स्टील में बिअर का टेस्ट जाता है."

मी म्हटलं, मलाही. सुनील सरबत पिणार होता, तो म्हणाला, मलाही तसलाच. जयवंत आत जाऊन प्लॅस्टिकच्या पेल्यांची चळत घेऊन आला. बाबांकडे न बघता त्याने सगळ्यांचे भरले, स्वतःचाही. स्टीलचे पेले ट्रेमध्ये तसेच राहिले.

मिलिंदने एक घोट घेतला. "मला स्टील चाललं असतं," तो म्हणाला.

त्या घरी मग कायम तेच झालं. बाबा ओटीवर, आम्ही प्लॅस्टिकच्या पेल्यांत. जयवंत एकदा मिलिंदला म्हणाला, "तू येत नको जाऊस, मीच येईन तुझ्याकडे." मिलिंद म्हणाला, "तुझ्या घरचं कालवण आवडतं मला." आणि येत राहिला.

गेल्या वर्षी जयवंतच्या मुलीची हळद होती. जयवंतची बायको स्वतः कात्रपला जाऊन कमलताईंना बोलावून आली. दुपारी आम्ही पोचलो. डीजेवाले अजून वायरी जोडत होते. कमलताईंच्या हातात एक डबा होता. "लग्नघरात रोजचं जेवण कोणाला मिळत नाही," म्हणाल्या, "म्हणून सुक्या जवळ्याची चटणी आणलीय."

मांडवाच्या तोंडाशीच बाबा खुर्ची टाकून बसले होते. कमलताई त्यांच्या समोर थांबल्या. चष्मा लावला. नीट बघितलं.

"काय रे भोईर," त्या म्हणाल्या, "ओळखलंस का?"

बाबांना अरे-तुरे करणारं त्या गावात कोणी उरलेलं नाही. मांडवातली माणसं वळून बघायला लागली.

"कनची गो तू?" बाबा म्हणाले.

"काडेपेटीच्या कारखान्यातली. तुझ्या शेजारच्या बाकावर काड्या भरायचे मी."

बाबांनी टोपी काढली, परत घातली. "कमल?"

"कमल."

जयवंत म्हणाला, "बाबा, तुम्ही कारखान्यात होता?"

उत्तर कमलताईंनी दिलं. "होता तर. दुपारी याची तांदळाची भाकरी मी घ्यायचे आणि माझ्या डब्यातला जवळा हा खायचा. एक दिवस सोडला नाही. घरी सांगू नको म्हणायचा."

डीजेवाल्याने नेमका तेव्हाच माइक तपासला, हॅलो, हॅलो. जयवंत जमिनीकडे बघत होता. मिलिंद आईकडे.

बाबांनी मिलिंदकडे बघितलं, पायांपासून वर. "ह्यो तुजा पोर?"

"माझा."

मग बाबांनी कमलताईंच्या हातातल्या डब्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. "जवला हाय काय गो त्यात?"

कमलताईंनी डबा मागे घेतला.

"आधी हात धुऊन ये," त्या म्हणाल्या.

आणि बाबा उठले, काठी घेतली आणि हात धुवायला गेले.