झिलूदा घोड्यावर बसला

आमच्या डोंगरात वाघ आहे, गवा आहे, अस्वल आहे. घोडा नाही. अणशीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. चढ असा की बैलसुद्धा मध्येच थांबून मागे वळून बघतो. इथे घोडा कोण आणणार? तरीही वाडीचा म्हणून एक घोडा आहे आणि तो माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. शिवणीच्या लाकडाचं तोंड, बांबूच्या कांब्यांचं अंग, वर पांढरं कापड आणि खाली जमिनीला टेकणारा लाल घोळ. पाठीच्या मधोमध भोक ठेवलेलं. त्यात माणूस उभा राहतो, घोडा कमरेला बांधून घेतो आणि शिमग्यात मांडावर, म्हणजे देवासमोरच्या अंगणात, नाचतो. बघणाऱ्याला वाटतं स्वार घोड्यावर बसला आहे. पण घोळाखाली पाय माणसाचेच. घोडाही तोच आणि स्वारही तोच.

तो माणूस म्हणजे आमचा झिलूदा.

मी त्याच्यापुढे ढोल वाजवतो. माझे हात आणि त्याचे पाय यांची ओळख इतकी जुनी की त्याचा डावा पाय उचलला जाणार हे माझ्या काठीला आधी कळतं. एरवी झिलूदा साधा माणूस. भात लावायचा, जंगलखात्याच्या कामावर जायचं, पावसाळ्याआधी लाकडं भरून ठेवायची आणि कुणाशी फार बोलायचं नाही. चार माणसांत उभा केला तर तुमची नजर त्याच्यावर थांबणार नाही. पण कमरेला घोळ चढला की तोच माणूस वीतभर उंच व्हायचा. मान ताठ, डोळे अर्धे मिटलेले, आणि खाली पाय असे पडायचे की घोडा रानातून दौडत आला आणि देवासमोर अदबीने थांबला, हे लहान पोरालाही कळावं. गणेशगुडीची माणसं डोंगर चढून बघायला यायची. मी बढाई मारत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा.

या घोड्याचा एक नेम आहे. तो कुणी मागायचा नाही. ज्याच्या कमरेला आहे त्याने आपल्या हाताने सोडायचा आणि दुसऱ्याच्या कमरेला घालायचा. आणि नाचता नाचता घोडा मांडावर पडलाच, तर परत उचलायचा नाही. काळी नदीत सोडून द्यायचा. त्या दिवसापासून वाडीचा घोडा संपला. जुन्या माणसांनी असं का ठरवलं मला ठाऊक नाही, पण आजवर कुणी मोडलेलं नाही.

आणि झिलूदाचे गुडघे गेले होते.

गेल्या शिमग्यात शेवटच्या फेरीत त्याचा उजवा गुडघा वाकला. घोड्याचं लाकडी तोंड जमिनीकडे झुकलं. मी ढोल हळू केला, इतका हळू की बायका एकमेकींकडे बघू लागल्या. झिलूदा सावरला. घोडा पडला नाही. पण घरी परतताना सगळी वाडी गप्प होती. बोलणार काय, घोडा मागायचा नाही. दुसऱ्या दिवशी झिलूदा मला एवढंच म्हणाला की काल तुझा ढोल आळसावला होता. मी म्हटलं, कातडं सैल झालं होतं. त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्याच्याच घरात घोडा घेणारा माणूस होता. प्रज्योत, त्याच्या वारलेल्या भावाचा मुलगा, झिलूदा आणि त्याची बायको फुला यांनीच वाढवलेला. प्रज्योत आता गणेशगुडीला काळी नदीवर पर्यटकांच्या रबरी नावा चालवतो. लहानपणी गोठ्यामागे कमरेला सूप बांधून तो हीच पावलं घालायचा, हे फुलाने कितीदा पाहिलं होतं. पण तो मागू शकत नव्हता, आणि झिलूदा त्याच्या धंद्याला नावं ठेवायचा. म्हणायचा, जो दिवसभर बसून पोट भरतो त्याच्या पायांत नाच कुठून येणार?

अशात यंदा माघ महिन्यात प्रज्योतने एक दिवस मोकळा काढला आणि जीप घेऊन आला. नावेत बसायला येणारी माणसं त्याला सांगायची की कारवारच्या किनाऱ्यावर वाळूतून घोड्यावर फिरवतात, वाट दाखवायला माणूस बरोबर असतो. त्याला वाटलं काकाने एकदा खरा घोडा बघावा. काका, काकू आणि मी, असे तिघे त्याच्याबरोबर निघालो. वाडीत लगेच कुजबुज झाली की ही घोडा मागायचीच रीत आहे. जीपमध्ये चढता चढता फुलाने त्यावर पाणी टाकलं.

"घोडा मागायचा न्हाई, व्हय. पन घोड्यावर बसवायचं न्हाई असं कुनी सांगितलंय?"

अणशीचा घाट उतरला की कद्रा, आणि पुढे कारवार. झिलूदाने समुद्र पूर्वी पाहिला होता, पण दवाखान्यातून परतताना, हातात औषधांची पिशवी धरून, लांबून. त्या दिवशी तो पाण्यापर्यंत गेला. ओहोटी होती. वाळू ओली, घट्ट आणि चकचकीत. प्रज्योतने उत्तरेकडे हात करून दाखवलं की काळी तिथे समुद्राला मिळते. सुप्याचं धरण, गणेशगुडीचे खडक, सगळं ओलांडून आपलंच पाणी इथवर येतं. झिलूदाने खाली वाकून ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि आपलं काही त्यात उरलेलं नाही म्हणून सांगितलं.

घोडेवाल्याचं नाव बाबुराव. उंच, वाळलेला, खानापूरकडचा माणूस. रामनगरला काही वर्षं काढून मग खाली समुद्रावर आलेला. त्याची घोडी रंभा. तांबूस अंग, कपाळावर पांढरा टिळा. बाबुराव आमच्याशी मराठीत बोलायचा आणि रंभेशी कानडीत. तिला मराठी कळत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकांनी काहीही हुकूम सोडले तरी चालतं, असं त्याचं म्हणणं.

झिलूदाने चपला लांब काढून ठेवल्या. रंभेपुढे गेला, तिच्या टिळ्याला हात लावला आणि तो हात आपल्या कपाळाला लावला. मग बराच वेळ तिच्या पायांकडे बघत राहिला. मला हळूच म्हणाला, "हिचे पाय उघडे हाईत."

मी म्हटलं, खऱ्या घोड्याला घोळ कशाला?

बाबुराव म्हणाला, चला मामा, बसा. झिलूदा मागे सरला. घोडा देवाचा, त्यावर आपण बसायचं नाही, असं त्याचं ठरलेलं. बाबुरावाला काही कळेना. तेव्हा प्रज्योतने त्याला सगळं सांगितलं, लाकडी तोंड, लाल घोळ, मांड, आणि काका इतकी वर्षं स्वतःच घोडा होत आलेत ते. बाबुराव हसला नाही. त्याने झिलूदाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"मग मामा, ही तुमच्या भावकीतलीच की. भावकीत कसली लाज?"

तरी झिलूदा हलेना. तेव्हा फुला पुढे झाली. आमच्या बायकांचं लुगडं गुडघ्यापर्यंतच असतं, खांद्यावर गाठ मारलेली, त्यामुळे टांग टाकायला तिला कसलीच अडचण नव्हती. बाबुरावाने लाकडी स्टूल ठेवलं आणि ती चढली. आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसलेली बाई, पण फणसाच्या फांदीवर बसावी तशी बसली. दूरच्या होड्यांपर्यंत जाऊन परत आली. उतरताना तिचा चेहरा लाल झाला होता.

"इतकी वर्सं ह्यांच्या कमरेला घोडा बांधला मी. पाठीमागची गाठ माझी. बसायला आज गावलं," ती म्हणाली.

मग झिलूदा स्टुलाकडे गेला. तो चढला.

बाबुरावाने त्याला सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं. पाठ सरळ, हात पुढे खोगिराच्या कडीला, पाय रिकिबीत. लगाम माझ्या हातात आहे, काळजी नको. प्रज्योतने काकाचं चित्रण करायला फोन वर धरला. रंभा चालू लागली, आणि तिच्या खुरांचा ओल्या वाळूवर आवाज निघाला. थप, थप, थपथप. मी ढोलवाला आहे. हा मांडावरचाच ठेका, हे मला ऐकताच कळलं, पण सांगायला वेळ मिळाला नाही.

झिलूदाचे पाय नाचू लागले.

तो मुद्दाम करत नव्हता. घोडा हलला की पाय हलायचे, हेच त्याच्या अंगाला ठाऊक. त्याच्या टाचा रंभेच्या कुशीवर पडू लागल्या, डावी, उजवी, डावी, डावी, अगदी मांडावर पडायच्या तशा. आणि टाच मारली की घोडी पळते, हे रंभेला ठाऊक. ती दुडक्या चालीला लागली. घोडा पळतोय म्हटल्यावर झिलूदाच्या पायांनी दौडीची पावलं धरली. मग ती सुटलीच. बाबुराव लगाम धरून पळत होता, त्याच्या मागे प्रज्योत, त्याच्या मागे मी, आणि सगळ्यांत मागे फुला हातात नवऱ्याच्या चपला घेऊन.

"पाय ऱ्हाऊ द्या, मामा! पाय!" बाबुराव ओरडत होता, आणि त्याच दमात घोडीला कानडीत थांब म्हणून, "निल्लु, निल्लु!"

पाय थांबले नाहीत. शेवटी बाबुरावाने तिचं तोंड समुद्राकडे वळवलं. गुडघाभर पाण्यात शिरल्यावर ती मंदावली आणि उभी राहिली. झिलूदा वर ताठ बसलेला, मान तशीच, डोळे अर्धे मिटलेले. लाट आली आणि त्याची पावलं भिजली. तेव्हा कुठे ती पावलं थांबली.

बाबुरावाला दम लागला होता. तो रागावला नाही. घोडीच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "मामा, चालायचं काम तिचं. तुमी नुसतं बसा."

झिलूदाने खाली बघितलं. आपल्या पायांकडे नाही, रंभेच्या पायांकडे. ते पाण्यात होते, दिसत नव्हते. जणू घोळाखाली.

मग बाबुरावाने लगाम धरून तिला पाण्याच्या कडेकडेने चालवलं. आम्ही थोडं मागे राहिलो. झिलूदाचे पाय रिकिबीत लोंबत होते, ओल्या कपड्यासारखे सैल. इतकी वर्षं मी ते पाय बघतोय. ते निवांत असलेले मी कधी पाहिले नव्हते. घोडा चालत होता आणि त्याचा गुडघा दुखत नव्हता. लांब होड्यांपर्यंत गेले, तिथून परतले. वाटेत त्याने बाबुरावाला विचारलं की तू दिवसभर चालतोस, कधी बसत नाहीस का? बाबुराव म्हणाला की सकाळी तिला धुवायला नेताना बसतो. बाकी आपलं काम खाली.

"वर कुनीबी बसू दे," तो म्हणाला, "ती बघती माझ्या हाताकडंच."

उतरल्यावर झिलूदाने फुलाच्या गाठोड्यातलं उकडलेलं रताळं काढलं आणि तळहातावर धरून रंभेला दिलं. तिने ते खाल्लं आणि त्याच्या हाताला नाक घासलं. त्याने वाकून तिच्या पुढच्या दोन्ही खुरांना हात लावला. बाबुरावालाही नमस्कार केला. बाबुराव गडबडला, मामा, हे काय, म्हणत मागे सरला. झिलूदा म्हणाला, "तुजे लई उपकार झाले बाबा." एवढं मोठं वाक्य तो परक्या माणसाशी बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

जीप घाट चढू लागली. उन्हं झाडांच्या शेंड्यांवर होती. अणशी जवळ आली तेव्हा झिलूदा पुढे झुकला आणि प्रज्योतच्या पाठीकडे बघत म्हणाला, "कमरेचं माप काय रे तुजं?"

प्रज्योतने जीप कडेला घेतली आणि थांबवली. स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून समोर बघत राहिला. त्याच्या खांद्यांवरून कळत होतं काय चाललंय ते. बोलली ती फुलाच.

"माप कशाला पायजे? माजी गाठ कुनालाबी बसती."

या शिमग्यात मांडावर झिलूदाने आपल्या हाताने घोडा प्रज्योतच्या कमरेला घातला आणि फुलाने पाठीमागे गाठ मारली. पण एक गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. झिलूदाने घरून एक लाल दोरी वळून आणली होती. ती त्याने घोड्याच्या लाकडी तोंडाला बांधली, दुसरं टोक स्वतःच्या हातात धरलं आणि घोड्यापुढे, जरा बाजूला, उभा राहिला. आमच्या घोड्याला लगाम कधीच नव्हता. जुनी माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग ज्याने त्याने विचार केला असेल की नेमात दोरीबद्दल काहीच नाही.

मी ढोल सुरू केला. पहिल्या फेरीत प्रज्योत घाबरून जागच्या जागीच डुलत राहिला. झिलूदाने दोरीला हलका हिसका दिला.

"बसू नको नुसता," तो म्हणाला. "चालायचं काम तुजं हाय."

पाय सुटले. ते झिलूदाचे पाय नव्हते. जरा रांगडे होते, वाहत्या पाण्यात उभं राहायला शिकलेले, पण पक्के. झिलूदा लंगडत, सावकाश, दोरी धरून अंगणभर त्याच्या बाजूने चालला, आणि घोडा त्याच्या हाताकडे बघत नाचला. मी लय वाढवत नेली. किती वर्षांनी माझे हात मोकळे झाले होते. त्याबद्दल मी देवाला नमस्कार केला, काळी नदीला केला आणि खाली कारवारच्या वाळूतल्या त्या तांबूस घोडीलाही केला.

प्रज्योतने किनाऱ्यावर केलेलं चित्रण वाडीने मग पाहिलं. त्यात झिलूदा नाहीच. वाळू आहे, थोडं आभाळ आहे, आणि धापा. तरी पोरं ते पुन्हा पुन्हा लावतात. झिलूदाही बघतो.

आता वाडीतून कुणी कारवारला निघालं, दवाखान्याला असो की कचेरीला, की झिलूदा रस्त्यावर येऊन उभा राहतो. हातात फडक्यात बांधलेली उकडलेली रताळी असतात. समुद्रावर जायला सवड होईल का, असं आधी विचारतो. मग सांगतो की कपाळावर पांढरा टिळा आहे, नाव रंभा, आणि तळहात सपाट धरून द्या.