धर्माचं भात आणि सरकारचं ॲप

शेतीत मोबाईल घुसल्यापासून सानपाड्याच्या आमच्या कट्ट्यावर गप्पांना तोटा नाही. पूर्वी सरकारी गाढवपणा वर्षातून एकदा व्हायचा. आता रोज होतो.

आमच्या जमिनी शहराने कधीच खाल्ल्या. कट्ट्यावरच्या एकट्या धर्माकडे उरणच्या बाजूला, खाडीच्या बांधाला लागून भाताचा एक तुकडा राहिलाय. पिकाचा फोटो सरकारच्या ॲपवर चढला नाही तर सातबाऱ्यावर ‘पड’ लागणार, म्हणजे जमीन पडीक. पड लागली की दलाल दारात.

उन्हाळ्यात शेतीखात्याचे साहेब फवारणीचा ड्रोन दाखवायला आले. साहेबांना शेतापर्यंत चालवेना, म्हणून दिवाळे गावच्या जेट्टीवरच उडवला. फवारा गेला वाळत घातलेल्या बोंबलांवर. कोळीण धावून आली. साहेब म्हणाले, “बाई, नुसतं पाणी आहे.”

“मेल्या, सकालपासून त्यातलं पानीच काढतंय ना मी!”

मग ट्रेनिंग. बेलापूरला, एसी हॉलमध्ये, ऐन लावणीच्या दिवशी. शेत असलेले चिखलात आणि हॉलमध्ये आम्ही, जमीन गेलेले, वडे खायला. मी म्हटलं, “साहेब, जमीन तुमीच घेतली, आता शेती पन शिकवा.”

मला प्रमाणपत्र मिळालं. ‘डिजिटल शेतकरी’. माझ्या खिडकीत तुळस पण जगत नाही.

त्या ॲपला प्रश्न विचारता येतो म्हणे. धर्माच्या बांधाला खेकड्यांनी भोकं पाडलेली. त्याने विचारलं, “चिंबोऱ्या बांध पोखरतान, काय करू?”

उत्तर आलं, “चिंबोरी हे आपल्या तालुक्यातील पीक नाही. कृपया दुसरे पीक निवडा.”

शेवटी फोटोचा दिवस आला. धर्मा घोटाभर चिखलात, भातात उभा. ॲप म्हणतं, “आपण शेतापासून दूर आहात.” ऑफिसातल्या मॅडमला फोन लावला. त्या म्हणाल्या, “काका, नकाशात शेत जिथे दाखवतंय तिथे जा ना.”

नकाशातलं शेत बांधापलीकडे निघालं. खाडीत.

धर्माने सारसोळे गावातल्या मेव्हण्याची होडी आणली. भाताची चार रोपं मुळासकट बादलीत घेतली, पाण्यात जाऊन फोटो मारला. ॲप खूश. “नोंद यशस्वी.” संध्याकाळी गडी पेढे घेऊन कट्ट्यावर.

पेढा तोंडात जातोय तोच धर्माचा फोन वाजला. ॲपचा मेसेज मी वाचून दाखवला, “आपल्या शेतात पाणी साचले आहे. निचरा करून नवीन फोटो पाठवा. अन्यथा पड नोंद होईल.”

धर्माने पेढा संपवला, हात लेंग्याला पुसले.

“पाठवतो,” म्हणाला. “ओहोटी लागू दे.”