महाभारतातलं टपाल हापीस

बेचाळीसची चळवळ पेटल्यावर नगर शहरातल्या एका लहानशा टपाल कचेरीत बॉम्ब फुटला. मी तेव्हा बावीस वर्षांचा, मिरजगावात मास्तर होतो. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी गावात आलं. बातमीच्या शेवटी एकच ओळ होती : एक टपाल नोकर किरकोळ जखमी.

त्या ओळीकडे कुणी फारसं पाहिलं नाही. आम्हाला भांडायला बॉम्ब पुरेसा होता. आठवड्याभरात गावात दोन तट पडले. एकाचे पुढारी निवृत्त शिरस्तेदार. बॉम्ब म्हणजे रानटीपणा, असं त्यांचं मत. दुसऱ्या तटाचा पुढारी मी. पिस्तूल जवळून पाहिलं नव्हतं, पण सरकार हादरलं पाहिजे यावर मी अर्धा तास न थांबता बोलू शकत असे. दोन्ही तट न्हाव्याकडे वेगवेगळ्या वारी दाढी करू लागले, तेव्हा वाचनालयात एकदाचा जाहीर वाद व्हावा असं ठरलं.

पोलीस पाटलांनी परवानगी दिली, पण अट घातली. बॉम्ब, सरकार, चळवळ यांतला एकही शब्द उच्चारायचा नाही, महाभारतावर बोलायचं. रविवारी सकाळी ते स्वतः दाराशी बसले. शिरस्तेदारांनी अश्वत्थाम्याला धारेवर धरलं. झोपलेल्यांवर हत्यार चालवणारा कसला वीर, असं त्यांनी विचारलं. माझी पाळी आली तेव्हा मी अर्जुनाला पुढे केलं. मोठ्या युद्धात चारदोन माणसांना किरकोळ खरचटणारच, असं म्हणून टाळ्याही घेतल्या.

तेवढ्यात आमच्या गावचा टपालवाला आत आला. डोक्याला कानांवरून पट्टी. तो दहा दिवस दिसला नव्हता, तर सासुरवाडीला गेला असेल असं आम्ही धरून चाललो होतो. तो पुढच्या सतरंजीवर बसला आणि मला म्हणाला, "मास्तर, जरा मोठ्यानं बोला. मला ऐकू येत न्हाई."

शेजारच्यानं त्याच्या कानाशी ओरडून विषय सांगितला. त्यानं मान हलवली, विचार केला आणि विचारलं, "म्हाभारतात टपाल हापीस कुठं हुतं?"

मग आम्हाला उलगडा झाला. वर्तमानपत्रातला तो नोकर हाच. टपालाची थैली आणायला नगरला गेला होता.

उत्तर देणं मला भाग होतं. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. मघाचंच वाक्य त्याच्या कानात ओरडायचं होतं, पण ते तोंडातून निघेना. टाळ्या घेताना ते सुरेख वाटलं होतं. शेवटी मी ओरडलो, "दुखतं का?"

"दुखत न्हाई. आत शिट्टी वाजती. दिवसभर."

शिरस्तेदारांना राहवलं नाही. हेच मी आठवडाभर सांगतोय, असं तेही त्याच्या कानाशी ओरडले.

"तुमी बी लई खूश होऊ नका, रावसाहेब," तो म्हणाला. "पोलिसांनी दोन दिवस मलाच बसवून ठेवला. बॉम्ब कुनी दिला म्हून वरडत हुते. मला ऐकू येईना, मी आपला समद्याला व्हय म्हनत हुतो."

सभा हसली. तोही हसला, पण त्याला आमचं हसणं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ते थांबल्यावरही तो जरा वेळ हसत राहिला. निकाल कुणी मागितला नाही. महाभारतावर शांततेत चर्चा झाली, असं पाटलांनी लिहून ठेवलं.

माझं मत त्या दिवशी बदललं असं म्हणालो तर ते खोटं होईल. सरकार जावं असं मला नंतरही तितकंच वाटत होतं. फक्त मी कमी बोलू लागलो, आणि बोलायच्या आधी समोर कोण बसलंय ते बघू लागलो.

दिवाळीच्या सुमारास त्याचा उजवा कान थोडा उघडला. एका दुपारी पत्र देऊन तो माझ्या ओट्यावर टेकला, पाणी प्याला आणि त्या दिवशी राहिलेलं भाषण पुरं करा म्हणाला. मी नको नको म्हणत होतो, पण तो हलेना. मग मी सुरुवात केली. तो उजवा कान पुढे करून सगळं ऐकत राहिला.

"बोलता ब्येस," तो म्हणाला. "पर मला पटलं न्हाई."

का पटलं नाही, ते त्यानं सांगायला घेतलं. मध्येच मी अडवलं, त्यानं मला अडवलं. खालच्या आळीची पत्रं त्या दिवशी दिवेलागणीला पोचली.