लटलट

आमच्या वन नाक्यावरच्या डायरीत 'वाघ दिसला, सुरक्षित अंतर ठेवले' एवढंच लिहितात. जे लिहीत नाहीत, त्याचेच किस्से साचतात!

थरथर थंडीची. थरकाप पेपरवाल्यांचा. आमचा शब्द लटलट! ती मांडीत सुरू होते आणि गुडघ्यात मुक्काम करते. नियम एकच: लटलट कापलात, तर चहाच्या वेळी स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं.

*

पहिली कबुली माझीच. वाघाच्या पंजाच्या ताज्या ठशावर मी टेप धरला होता, सोबतचा शेंडे आकडे लिहीत होता. रिपोर्ट पाहून साहेब भडकले, "एका पंजाची रुंदी दहा ते चौदा सेंटिमीटर?"

शेंडे म्हणाला, "साहेब, पंजा एकच होता. टेप हालून राह्यला होता!"

*

शेंड्याला फार हसू नका. मागे पाचोळा वाजला म्हणून हा गडी मोहाच्या झाडावर चढला. पाचोळा तुडवत आल्या मोहफुलं वेचणाऱ्या बाया! याचे पाय तरीही थांबेनात. एक म्हातारी खालून ओरडली, "भाऊ, असेच लटलट कापत राहा. मोहे मस्त झडून राह्यले!"

*

मडावीभाऊ मात्र कधी कापले नाहीत. वाटेत वाघीण बसलेली. आम्ही जीपमध्ये, हे खाली. म्हणाले, "उठ बाई, आमचीबी ड्युटी हाये." ती उठली! रिटायर होईपर्यंत त्यांची एक कबुली ऐकायला आम्ही टपून होतो. मिळाली नाही.

*

या मे महिन्यात त्यांची मुलगी सुनीता वनरक्षक होऊन आमच्याच नाक्यावर रुजू झाली. त्या सकाळी ती पहिल्यांदा स्वतःच्या बीटवर, वाट्याला आलेल्या जंगलात गस्तीला निघायची होती. त्याच बीटात पिल्लंवाली वाघीण. मडावीभाऊ तिला गाडीवर सोडायला आले. सकाळी सातलाच असं उकडत होतं, की कूलरसमोरची खुर्ची आम्ही त्यांना दिली, वर चहा दिला.

कप बशीवर खडखड वाजायला लागला. भाऊंनी दुसऱ्या हातानं बशी दाबली, तर तोही हात तसाच. आपली भीती पोरीला दिसू नये, एवढीच त्यांची धडपड.

सुनीता बुटाची नाडी बांधता बांधता थांबली. "बाबा, लटलट कापून राह्यले का तुम्ही?"

"नाई बेटा. थंडी वाजून राह्यली."

कोणी हसलं नाही. शेंडे उठला आणि त्यानं कूलर बंद केला.