बारा खोके डाव्या चपला

“रजिस्टर बघा,” असं काका म्हणायचे, आणि ते तुम्हाला नव्हे, तुमच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाला म्हणायचे. एकदा मी बिनबटणांचा टी-शर्ट घालून कामावर गेलो. कुठे बघावं हे न कळून ते बिचारे माझा टी-शर्ट वरपासून खालपर्यंत शोधत गेले आणि शेवटी माझ्या बुटांशी बोलले.

भिवंडीजवळ काल्हेरच्या ज्या गोदामात मी सुपरवायझर होतो, तिथे काका गेटवर बसत. जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर आणि खोके लिहायचे, खाली सुपरवायझरची सही घ्यायची, हे त्यांचं काम. आमच्याकडे फक्त डाव्या पायाच्या चपला ठेवत. उजव्या पायाच्या कशेळीच्या गोदामात. चोरी होऊ नये म्हणून शेठने लढवलेली ही शक्कल होती. गाडी आधी आमच्याकडे भरायची, मग कशेळीला.

असा बटणाशी बोलणारा माणूस दिसला की लोकांना वाटतं, याच्याकडे नक्की काहीतरी विद्या असणार. आमचे हमाल मॅचच्या आदल्या दिवशी त्यांच्याभोवती जमायचे. “काका, कल इंडिया जीतेगा क्या?”

“मना काय म्हाईत? खेलू दे त्यांना.”

विद्या वगैरे काही नव्हती. स्वतःचा मोबाइल नंबरसुद्धा त्यांना पाठ नव्हता. लिहिलेलं मात्र चोख असायचं.

तर एकदा गोदामातल्या मोजणीत बारा खोके कमी भरले. सगळ्या डाव्याच चपला. भिवंडीत त्या कोण घालणार, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. चोरी झाली, एवढंच खरं. शेठचा कागदावर विश्वास नव्हता. कागद काय, कुणीही लिहितो, म्हणे. त्याचा विश्वास डोळ्यांवर. त्याने सगळ्यांना केबिनमध्ये एकेक करून बोलावलं. समोर बसायचं, डोळ्यांत डोळे घालायचे आणि म्हणायचं, “मैंने नहीं लिया.”

त्या आठवड्यात नेमके निम्म्या हमालांचे डोळे आले होते. ते लालभडक डोळ्यांनी, पाणी गाळत शपथा घेत होते. बघून बघून शेठच्याही डोळ्यांना धार लागली. “शेठ रो रहा है, इसी ने लिया होगा,” असं एक हमाल बाहेर येऊन सांगू लागला.

मग माझी पाळी आली. आता सांगून टाकतो, ते बारा खोके नाशिकच्या गाडीत मीच चुकून चढवले होते. संध्याकाळीच माझ्या लक्षात आलं होतं. पण माझं लग्न ठरलं होतं आणि नोकरी गेली असती तर लग्नही गेलं असतं. मी शेठच्या डोळ्यांत अशी काही नजर रोवली की तो खूश झाला.

शेवटी काका आत गेले. दार उघडंच होतं.

“रजिस्टर बघा,” काका शेठच्या बटणाला म्हणाले.

“रजिस्टर बाद में. पहले मेरी आँख में देख!”

काकांनी बघितलं. पण बघितलं की तोंडातून शब्द निघेना, आणि बोलायला गेले की नजर बटणावर घसरायची. “दोनों साथ में कर!” शेठ ओरडला. काकांची मान घामाने भिजली. दहा मिनिटांत ते चोर ठरले आणि घरी गेले. मी दाराबाहेर उभा राहून सगळं ऐकत होतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या भाच्याला स्वमग्नता असल्याचं कळलं. मी त्याला “माझ्याकडे बघून ऐक” म्हणून दटावत होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बघू नको म्हणावं, म्हणजे नीट ऐकेल. दोन्ही एकदम त्याला जड जातं. हा आजार नाही, लबाडी नाही, आणि चमत्कारही नाही.” मला तिथेच काका आठवले.

तर तेव्हा, काकांना घरी घालवल्यावर तीन आठवड्यांनी नाशिकहून फोन आला. बारा खोके डाव्या चपला जास्तीच्या, तुमच्याकडे लोक लंगडी घालतात काय? शेठ म्हणाला, “गेटवाले ने गिनती में गलती की. जा, माफ किया, बुला ला.”

मी काकांच्या घरी गेलो. ते ओटीवर जाळं विणत बसले होते.

“न्हाय येत,” ते म्हणाले. “शेट परत डोल्यांत बघायला लावील. तां दुखतं मना.”

मला त्यांच्याकडे बघवेना. जमिनीकडे बघतच मी त्यांना सगळं सांगितलं.

“मना म्हाईत हाय. सही तुजीच हाय.”

“मग बोलला का नाहीत, काका?”

“बोललो ना. रजिस्टर बघा बोललो.”

दुसऱ्या दिवशी मी शेठसमोर रजिस्टर उघडून ठेवलं आणि मान खाली घालून चूक कबूल केली. शेठने रजिस्टरकडे बघितलंही नाही. “झूठ मत बोल,” तो हसला. “नीचे देख रहा है, मतलब उसको बचा रहा है. तेरी आँख मैंने देखी है.”

माझा पगार वाढला. काका पुन्हा आले नाहीत.