पिराजीची जीभ

कुरुंदवाडच्या विडी कारखान्यात पिराजीचं काम काय, असं कुणी विचारलं तर बाया हसून सांगायच्या, "पानं खातोय." खोटं नव्हतं ते. विडीला गुंडाळायच्या टेंभुर्णीच्या पानांचं पोतं आलं की हा गडी एक पान काढायचा, बोटानं शिरा चाचपायचा, कोपरा तोडून चावायचा आणि थुंकून निकाल द्यायचा. तंबाखू तीच असली तरी पान बदललं की चव बदलते, हे त्याचं ठाम मत. कोवळं पान गोडसर जळतं, निबर पान घशाला कडू लागतं, वाळताना पाऊस लागलेलं कुबट. त्याला विचारल्याशिवाय मालक पोतं उतरवून घेत नसत आणि पिराजीला याचा माज होता. चांगला घसघशीत माज.

सत्त्याण्णव साली त्याला विषमज्वर झाला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. आमटी खारट झालीय की अळणी, हे त्याला बायकोच्या तोंडाकडं बघून कळायचं. कारखान्यात मात्र तो बोलला नाही. चव गेलेल्या पिराजीला तिथं कोण विचारणार होतं? नवीन पोती आली तेव्हा त्यानं पान चावलं, कागद चावल्यासारखं लागलं. नुसता रंग बघून तो म्हणाला, "चोख हाय. घ्या उतरून."

ती पानं चिमणाबाईकडं गेली. तिचा हात सगळ्यांत हलका, म्हणून इचलकरंजीच्या पानटपऱ्यांचा खास माल तीच वळायची. आठवड्यात माल परत आला. विडी कडू लागते, घसा धरते. मालकांनी एक पेटवली, तोंड वाकडं केलं आणि पिराजीला विचारलं, "खोट पानात का वळणाऱ्या हातात?"

पिराजीला तेव्हाच सगळं कळलं होतं. चिमणाबाई समोर उभी होती. तो म्हणाला, "पान चोखच हुतं. बाईनं लई येळ भिजत घातलं, म्हणून कडवटलं."

तिनं त्याच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून तिचं काम बंद झालं. उरलेली दोन पोती पिराजीनं गुपचूप चांगल्या पानांत मिसळून टाकली. इतकं नीच काम त्यानं जन्मात केलं नव्हतं.

तीन वर्षं हे त्याच्या पोटात राहिलं. चव काही परत आली नव्हती; नुसत्या शिरा चाचपून तो कसाबसा निकाल देत होता. कुणी आदरानं पान पुढं केलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी एका दुपारी तो कबनूरला गेला. चिमणाबाई तिथं यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरत होती.

"आक्का," तो म्हणाला, "त्या वक्ताला पानच वाईट हुतं. माझी चव गेलती. मी तुमच्यावर ढकललं."

तिनं हातातली कांडी बाजूला ठेवली. "अण्णा, एवढ्या लांब माझं मन राखायला आलासा व्हय? तुमच्या जिभंची चूक कशी हुईल? माझाच हात चुकला. तवापास्नं मी विडीच्या पानाला शिवले न्हाय."

"तसं न्हाय, आक्का..."

पण ती चहा करायला उठली होती. तिला थांबवून पुन्हा सांगायला हवं होतं. पिराजी बसून राहिला. बाईला खरं वाटत नाही, म्हणजे आपली अब्रू शाबूत, या विचारानं त्याला हायसं वाटलं होतं. केलेल्या पापापेक्षा त्या हायसं वाटण्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

चिमणाबाईनं कप हातात दिला आणि तो घोट घेईपर्यंत समोर उभी राहिली. "साखर बेताची पडलीया न्हवं?"

"व्हय," पिराजी म्हणाला, "बरोबर हाय."