इंजिन गार होईपर्यंत

आत्याची गाडी भाच्याने मारली. कुठे ठोकली नाही, खड्ड्यात घातली नाही. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर, गाणं गुणगुणत मारली. पुस्तकांचं कपाट आणायला म्हणून मागून नेली होती. वाटेत डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागला. भाच्याला वाटलं, गाडी काहीतरी सांगतेय खरी, पण घरी पोचलो की ऐकू. घर यायच्या आधीच बॉनेटखालून खिळ्यांचा डबा हलवल्यासारखा आवाज आला, मग धूर, मग शांतता. मेकॅनिकने तेलाची पट्टी बाहेर काढली. पट्टी ठणठणीत कोरडी. त्याने ती परत जागेवर ठेवली.

"हिला काय झालं हो?" भाच्याने विचारलं.

"हिला झालं नाही काही. हिला केलंय," मेकॅनिक म्हणाला.

आत्याच्या नाकावर राग असतो, असं घरातले म्हणतात. नाक त्या मानाने फार लहान आहे. तिचा राग तिच्याआधी खोलीत येतो आणि ती निघून गेल्यावरही बराच वेळ खुर्चीत बसून असतो. ती नर्स. पूर्वी एका मोठ्या हॉस्पिटलात होती. तिथे एका बड्या डॉक्टरने पेशंटची जखम उघडून बघायला टाळाटाळ केली, तर तिने सगळ्या वॉर्डासमोर त्यांना विचारलं, "वास येत नाही का तुम्हाला, की तुमचं नाक फक्त फोटोसाठी आहे?" डॉक्टर राहिले, आत्या बाहेर पडली. तेव्हापासून ती घरोघरी जाऊन जखमा धुते, पट्ट्या बांधते. पेशंटला झापते, पेशंटच्या सुनेला झापते, वेळ पडली तर जखमेलाही झापते. "पाय खाली सोडून बसला होतात ना? खोटं बोलू नका, पाय सांगतोय मला." जखमा भरतात. औषधाने की धाकाने, ते कुणी विचारायच्या भानगडीत पडलेलं नाही.

सध्या तिचा जीव एका म्हाताऱ्या घड्याळजीच्या टाचेत अडकला होता. साखरेचा आजार, टाचेला जखम, आणि घर टेकडीवर, शेवटच्या बसथांब्याच्याही पुढे. रोज पट्टी बदलायलाच हवी. गाडी गेल्यापासून आत्या गुडघे धरत तो चढ चढत होती. एकदा पोचायला रात्र झाली, एकदा पोचताच आलं नाही. पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरने सांगून टाकलं, "सोमवारपर्यंत गाडीची सोय करा, नाहीतर मी दुसरीला पाठवतो."

"दुसरी म्हणजे कोण, माहितीये?" आत्या भाच्यावर कडाडली. "ती पट्टी बांधत नाही, भेटवस्तू गुंडाळते! वरून गाठ सुंदर आणि आत पू! म्हाताऱ्याचा पाय जाईल, पाय! आणि तो तुझ्या त्या कपाटात ठेव, पुस्तकांशेजारी!"

म्हणून लहान, जुनी आणि स्वस्त गाडी शोधणं आलं. एका गाड्यांच्या दलालाची जाहिरात भाच्यानेच शोधून काढली. आत्याने त्याला एकच ताकीद दिली. "त्या दलालाला आधी फोन करायचा नाही. न सांगता जायचं."

भाच्याने फोन केला. न कळवता कुणाच्या दारात उभं राहणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. सख्ख्या बहिणीकडे जातानाही तो आधी विचारायचा, येऊ का. "शनिवारी सकाळी येतो, गाडी तयार ठेवा," असं त्याने दलालाला अगदी अदबीने सांगितलं.

गाडी तयारच होती. पांढरीशुभ्र, टायरांना काळं पॉलिश, आत अत्तराचा घमघमाट. दलाल दोन्ही हात पसरून पुढे आला आणि आत्याला वळसा घालून भाच्यापाशी पोचला. "या साहेब! एकहाती वापरलेली आहे. डॉक्टरांची गाडी!"

आत्याने थेट बॉनेटवर तळहात ठेवला. कपाळावर ठेवतात तसा.

"गरम आहे."

"आत्ताच जरा बाजूला घेतली मॅडम."

"बाजूला घेतलीस की शहर दाखवून आणलंस?" मग ती सावकाश भाच्याकडे वळली. "फोन कुणी केला?"

भाचा स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

"अरे शहाण्या, आजारी इंजिनाचं सोंग सकाळी गार असताना उघडं पडतं. धूर काढतं, खडखडतं, चालू व्हायला रडतं. एकदा तापवलं की बाळासारखं गोड! पेशंटला तापाची गोळी देऊन मग डॉक्टरला बोलावतात, त्यातला प्रकार हा. आण ती खुर्ची."

"कशाला?"

"गार होईपर्यंत बसते."

"आत्या, दुपार होईल!"

"होऊ दे. तुझ्या कृपेने होतेय."

ती बसली, पण गप्प बसली नाही. दर थोड्या वेळाने उठायची आणि गाडीवर तुटून पडायची. पायाखालची जाजमं उचलून खालच्या कापडावर हात दाबला. हात ओला झाला. "म्हणून अत्तर होय!" टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं, बाहेरून नवा दिसणारा टायर आतून टकला होता. "तिरकी चालते ही." उन्हात वाकून एका डोळ्याने गाडीची कूस न्याहाळली. "हा दरवाजा वेगळ्या पांढऱ्याचा आहे. कुठल्या गाडीचा उचललास?"

दलाल प्रत्येक उत्तर भाच्याला देत होता. "साहेब, जरासा घासला होता..."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "त्याच्याशी काय बोलतोस? प्रश्न मी विचारतेय, गाडी मी चालवणारेय! साहेबांना गाड्या चालवता येत नाहीत, मारता येतात!"

दुपारी बॉनेट गार लागलं. आत्या आत बसली, किल्ली अर्धी फिरवली. डॅशबोर्ड उजळला. खिडकीतून डोकावणारा भाचा हरखला. "बघ, लाल दिवा नाहीच लागला!"

आत्याने किल्ली मागे घेतली आणि परत अर्धी फिरवून बघितली.

"किल्ली फिरवली की सगळे दिवे एकदा लागलेच पाहिजेत," ती दातओठ खात म्हणाली. "लागून विझले पाहिजेत. तेलाचा लागतच नाही, कारण त्याचा बल्बच काढलाय यानं." तिने किल्ली पुरी फिरवली. गाडी कण्हली, खोकली, आणि मागून निळ्या धुराचा लोट भिंतीवर गेला.

आत्या खाली उतरली. तिने दार इतक्या जोरात आपटलं की आतला आरसा निखळून पडला. "एक माणूस टेकडीवर पाय पसरून माझी वाट बघत बसतो. ही अर्ध्या चढावर बंद पडली असती म्हणजे? कळलंही नसतं मला, कारण सांगणारी जीभच तू कापून ठेवलीस! तुझी बायको कुठल्या गाडीतून फिरते रे? तिला देशील ही?"

"मला? मी बसणार नाही त्यात," ऑफिसच्या दारातून आवाज आला. दलालाची बायको हिशेब सोडून बाहेर आली होती. भिंतीकडेला उभ्या असलेल्या, धुळीने माखलेल्या, शेवाळी रंगाच्या छोट्या गाडीकडे तिने बोट केलं. "माझी ती. सकाळपासून तिथेच उभी आहे, हात लावून बघा. गारठा असला की दुसरा गिअर कुरकुरतो. मागची काच खाली करू नका, परत वर येत नाही. क्लच नवा आहे. तेल मी स्वतः बघते, यांच्यावर विश्वास नाही माझा."

"अगं, ती विकायची नाहीये!" दलाल कळवळला.

"का नाही? विका. मला नवी घ्या. कधीपासून म्हणतेय मी!"

बायकोच्या शब्दावरही आत्याने गाडी सोडली नाही. बॉनेट गार. किल्ली फिरवली, दिवे सगळे लागले, सगळे विझले. पहिल्या झटक्यात इंजिन चालू, धूर नाही. तेलाच्या झाकणाखाली पाणी मिसळल्याची पांढरी साय नाही. गाडीवर कोरलेला नंबर कागदावरच्या नंबराशी अक्षर अक्षर जुळवला. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सोडून बघितलं, ब्रेक कचकन दाबून बघितला. शेजारी बसलेल्या भाच्याचं कपाळ काचेला लागलं. गिअर सांगितल्याप्रमाणे कुरकुरला. दुसरं काही सापडलं नाही, याचाही तिला थोडा रागच आला. दलालाने किंमत सांगितली, त्याच्या बायकोने ती कमी केली आणि व्यवहार झाला.

आत्याने औषधांची पिशवी शेजारच्या सीटवर टाकली आणि टेकडीच्या दिशेने गाडी वळवून घेतली. उशीर झाला होता. भाच्याला आता धीर आला होता. तो खिडकीशी वाकून हसत म्हणाला, "बघ आत्या, मी फोन केला नसता तर आपण एवढा वेळ थांबलोच नसतो, आणि ही गाडी तुला मिळालीच नसती!"

"तू चालत ये."